हेडलाइटवरचे पंजे

माझ्या पिकअपच्या दोन्ही हेडलाइटवर माझ्या बायकोच्या हातांचे पंजे होते. शेंदराचे. ती गेली आणि पंजे राहिले. त्यांच्यामुळे गाडीचा उजेड रस्त्यावर पोचत नव्हता आणि मला ते पुसायचे नव्हते. म्हणून मी जादा लाइट बसवायला निघालो. मी शिकलेला माणूस नाही, चौथीत शाळा सुटली. जसं घडलं तसं सांगतो, नटवून सांगता येत नाही.

माझं काम भाजीचं. नागपुरातून पहाटे अंधारात निघायचं, खाप्याकडे कन्हान नदीच्या काठच्या भाजीच्या वाड्यांतून वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर भरायचं आणि उजाडायच्या आत बाजारात आणून टाकायचं. उन्ह चढल्यावर आलेल्या मेथीकडे कोणी पाहतही नाही. म्हणजे हे काम अंधारातच करावं लागतं. दिवसा चालवा ना गाडी, असं पोरगी म्हणते. दिवसा काय भरू मी, हवा?

पंजे कसे आले ते सांगतो. पिकअपच्या आधी आमच्याकडे बैलजोडी होती. बैल गेले, गाडी आली, पण बायकोनं पोळा सोडला नाही. पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांचे खांदे शेकतात, हळद-तेल लावतात, उद्याच्या जेवणाचं आवतन देतात. ती गाडीच्या बंपरला हळद-तेल लावायची आणि म्हणायची, उद्या जेवाले ये बापा. गल्लीतल्या बाया हसायच्या. ती म्हणायची, हसा, आपलं पोट ज्याच्या खांद्यावर आहे त्याला शिंगं असो का स्टेअरिंग, त्याचा सण होते. पोळ्याच्या दिवशी पुरणाची पोळी बॉनेटवर ठेवायची, आणि बैलाच्या पुठ्ठ्यावर उठवतात तसे दोन्ही हातांचे पंजे बॉनेटवर उठवायची. गेरूचे. दोन पावसांत धुऊन जायचे. दरसाल हेच.

शेवटच्या पोळ्याला तिच्या पोटात पाणी झालं होतं. डॉक्टरांनी आम्हाला घरी पाठवलं होतं. घरी पाठवतात म्हणजे काय, ते तिलाही समजलं होतं. तिला उभं राहवत नव्हतं. प्लास्टिकचं स्टूल गाडीसमोर ठेवून मी तिला त्यावर बसवलं. बॉनेट उंच पडलं. तिच्या छातीसमोर आले ते दोन हेडलाइट. त्या वर्षी तिनं गेरू घेतलाच नाही. शेंदूर घेतला आणि तो जवसाच्या तेलात कालवला. जवसाचं तेल आमच्या घरी खाण्यातलं. पण ज्यानं ते कधी लाकडावर चोपडलं असेल त्याला माहीत आहे, ते वाळलं की रंगासारखं धरून बसतं. तिला हे पक्कं माहीत होतं. तिचा बाप बैलबंडीच्या चाकाला तेच लावायचा.

तिनं दोन्ही हात बुडवले आणि दोन्ही लाइटवर एकदमच ठेवले. ठेवले ते ठेवलेच. मला वाटलं तिला चक्कर आली. पण ती गाडीशी बोलत होती.

"सांभाळजो बापा याले," म्हणे. "आता हा एकटाच राहीन."

दसऱ्याच्या आधी ती गेली.

तेरवी झाली, पाहुणे गेले, आणि मी गाडी काढली. उभी गाडी मला पाहवत नव्हती. तेव्हा समजलं की उजेड कुठंतरी अडते. कोणाला वाटेल की रस्त्यावर बोटांची सावली पडत असेल. नाही पडत. मी स्वतः खाली उतरून पाहिलं, भिंतीसमोर गाडी लावून पाहिलं. पडली असती तर बरं झालं असतं, रोज तिचा हात पुढं चालताना दिसला असता. नुसता उजेड मेल्यासारखा व्हायचा. मधोमध लालसर अंधार आणि बाजूला विखुरलेलं पांढरं. रस्ता असा दिसायचा जसं कोणी ओल्या पदराआडून दाखवून राहिलं.

गॅरेजच्या ओळीत माझा नेहमीचा इलेक्ट्रिशियन आहे. त्याला सांगितलं, बल्ब बदल. त्यानं समोर येऊन पाहिलं आणि म्हणाला की बल्ब काही गेला नाही, पेट्रोलचा बोळा मारतो, आत्ता साफ होते. त्यानं बोळा हातात घेतलासुद्धा. मी त्याचं मनगट धरलं. किती जोरानं धरलं ते मला नंतर त्याच्या तोंडाकडे पाहून समजलं. त्याला पंजे कोणाचे ते सांगितलं. त्यानं बोळा ठेवून दिला आणि बराच वेळ एका वायरीला टेप गुंडाळत बसला, जिला आधीच टेप होता.

मग त्यानं रस्ता काढला. दोन्ही हेडलाइट अख्खेच काढून देतो, नवे लावतो, हे घरी घेऊन जा, फोटोजवळ ठेवा. पोरीनंही हेच सांगितलं. ती नागपुरातच महाल भागात राहते, आमची एकुलती एक. मला ते दोघंही शत्रू वाटले. फोटोला हार घातला तेव्हा मी पाठ करून बसलो होतो. आता तिचे हात पण खुंटीला लावू? आणि तिनं पंजे काही काचेला दिले नव्हते. गाडीला दिले होते, गाडीला सांगितलं होतं, याला सांभाळ. ते गाडीवरून उतरवले म्हणजे तिचं बोलणंच उतरवलं. पोरगी रडली. म्हणाली, बाबा, तुम्ही पण जा मग आईच्या मागं. मी म्हटलं, तयारीच आहे. म्हातारा माणूस रागात असं बोलतो, पण मी रागात नव्हतो.

तर ठरलं, हेडलाइट जसे आहेत तसे राहतील आणि उजेड दुसरीकडून आणायचा.

धरमपेठेत गाड्यांच्या सजावटीचं एक दुकान आहे, काचेचं, आत गारेगार. तिथं गेलो. माझ्या चपलांना चिखल होता, पण विकणारा चांगला बोलला. त्यानं टपावर लावायचा लांबलचक एलईडीचा पट्टा काढला, दुकानातच जोडून पेटवला. समोरच्या भिंतीवरचं प्लास्टर, खिळा, खिळ्याचा गंज, सगळं दिसलं. मला वाटलं, सुटलो. एवढा सूर्य डोक्यावर घेतल्यावर खालचे दोन दिवे विझले तरी काय बिघडते. मी हातोहात बसवून घेतला.

पहिल्याच पहाटे त्या पट्ट्यानं मला आंधळं केलं. माझं बॉनेट पांढरं आहे. टपावरचा उजेड आधी बॉनेटवर पडायचा आणि तिथून सरळ माझ्या डोळ्यांत. सावनेर सोडून नदीकडे वळलो तर धुकं होतं. पट्टा लावला की समोर चुन्याची भिंत. बंद केला की ओल्या पदराचा अंधार. त्यात माझ्या एका डोळ्यात मोतिबिंदू पिकत आलेला, पोरगी ऑपरेशनसाठी मागं लागलेली. उजेडाचा प्रत्येक ठिपका मला केसाळ दिसतो. समोरून येणारे ट्रकवाले दिव्याची उघडझाप करून शिव्या देत गेले. एक चहाच्या टपरीवर भेटलाच. माझ्या टपाकडे पाहून म्हणाला, काका, वरात कोणाची आहे, बँडवाले मागं राहिले वाटते. त्याच्या सोबतच्यानं हेडलाइटवरचे पंजे पाहिले आणि विचारलं, का गा काका, निवडणुकीले उभे राहिले का? सगळे हसले. मीही हसलो. चहा अर्धा टाकून गाडीत येऊन बसलो आणि दार लावून घेतलं.

गाडी घेऊन इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्यानं आधी पट्टा उतरवला. मग कागद नाही, पेन नाही, जमिनीवर खडूनं त्यानं गाडी काढली आणि समजावलं. धुक्यासाठी दिवा लावायचा तो खाली, बंपरच्याही खाली, पिवळा आणि रुंद फाकणारा. तो जवळचं दाखवतो, रस्त्याचा काठ दाखवतो, दूरचं दाखवत नाही. दूरचं पाहायला लांब फेकणारे दिवे मिळतात, बंपरवर लावायचे. पण समोरून कोणी आलं की ते विझवावेच लागतात, नाहीतर समोरचा आंधळा होऊन तुमच्याच अंगावर येईल.

मी म्हटलं, विझवीन की.

"विझवले मंग काय राह्यलं, भाऊ?" तो म्हणाला. "खालचा हेडलाइट राह्यला. तो तं पंज्याखाली हाय. ज्या घडीले समोरून गाडी येते, त्याच घडीले तुमच्यापाशी काही नाही."

हे बरोबर होतं. इतकं बरोबर होतं की मला त्याचा राग आला. मी विचारलं, असा एखादा दिवा नाही का, जो हेडलाइटच्या जागी चालेल आणि हेडलाइट तसाच राहील? त्यानं मान हलवली. ते कायद्यातही बसत नाही, म्हणाला, गाडी पासिंगला नेली की साहेब आधी हेडलाइटच लावून पाहतो, बाजूला शंभर दिवे लावा. मी म्हटलं, पासिंगला वेळ आहे अजून. पिवळे लाव.

त्यानं पिवळे लावले. रिले टाकून, जाड वायर घालून, नीट लावले. भिंतीसमोर गाडी उभी करून स्क्रूनं खाली झुकवले. मी निघताना म्हणाला, या दिव्यायच्या भरवशावर पळवू नोका. आणि खरं सांगतो, ते दिवे मला आवडले. धुक्यात रस्त्याची कड दिसायची, पांढरा पट्टा दिसायचा, कडेचं गवत दिसायचं. मी हळू चालवायचो. पोरीला फोन करून सांगितलं, झालं काम, पंजेही राहिले आणि उजेडही मिळाला. ती फक्त हं म्हणाली. मला त्या पिवळ्याचा एवढा आधार वाटायला लागला की मी विसरलो, ते जवळचंच दाखवतात.

कापसाचे दिवस होते. बाजार चुकेल म्हणून त्या दिवशी मी जरा दाबली. धुकं नव्हतंच, नुसता अंधार होता. समोरून ट्रक आला, त्याचा उजेड माझ्या खराब डोळ्यात पसरला, आणि माझ्या बाजूला जे काळं होतं ते मला रस्ताच वाटला. पिवळ्या उजेडात पहिल्यांदा दिसलं ते बंडीचं चाक. चाक दिसलं म्हणजे बंडी आलीच होती. मी ब्रेकवर उभाच राहिलो. मागची वांगी पोत्यांसकट केबिनवर येऊन आदळली. गाडी आडवी होऊन थांबली तेव्हा माझं बंपर बंडीच्या मागच्या लाकडी बल्लीला लागलेलं होतं आणि काचेवर कापूस होता. एक बैल गुडघ्यावर बसला होता.

मला उतरता येईना. मला वाटलं, माणूस मेला. मग वाटलं, मीच मेलो, आणि बरं झालं. हे मी लपवत नाही. त्या घडीला मला खरंच बरं वाटलं होतं.

बंडीवाला उतरून आधी बैलाकडे गेला. त्याच्या मानेला हात लावून, चुचकारून त्याला उभं केलं, चारी पाय चाचपले. बैलाला काही झालं नव्हतं. मग तो माझ्याकडे आला. माझ्याएवढाच म्हातारा, डोक्याला दुपट्टा, हातात टॉर्च.

"काय गा, दिसत नाही का तुले?"

मी खाली उतरून हात जोडले. त्यानं टॉर्च माझ्या तोंडावर मारली, मग गाडीच्या तोंडावर. तिथंच धरून ठेवली.

"हे कोणं लावलं?"

"माह्या बायकोनं. पोळ्याले."

तो जवळ गेला. वाकून पाहिलं.

"बैलाच्या डोळ्यावर पंजा ठेवते का कोणी? पुठ्ठ्यावर ठेवतेत."

माझ्या अंगात आग गेली. ज्याला मी आत्ता चिरडणार होतो त्या माणसाची मी कॉलर धरायला निघालो. पण धरली नाही. म्हटलं, तिले उठवत नव्हतं. बसून लावले तिनं. आता नाही ती.

त्यानं टॉर्च विझवली. बैल फुरफुरत होता.

"तिचा हात जेथवर पोचला तिथं तिनं ठेवला," तो म्हणाला. "तुहा हात तं पोचते ना गा?"

एवढं बोलून तो बंडीवर चढला. भरपाई नाही, शिवी नाही. मी त्याच्या मागं मागं बैलाच्या चालीनं गाडी चालवत राहिलो, फाट्यापर्यंत, माझे मागचे दिवे त्याच्या पाठीशी राहावेत म्हणून. फाट्यावर तो आत वळला.

बाजार गेला. वांगी तशीच गाडीत. उजाडेपर्यंत मी इलेक्ट्रिशियनच्या बंद शटरसमोर बसून राहिलो. तो आला, बंपरला अडकलेला कापूस त्यानं पाहिला आणि सगळं समजला. मी म्हटलं, लाइट गाडीवरच राहू दे, पंजे पुसू. पण पुसणार मीच. दुसऱ्या कोणाचा हात लागू देणार नाही.

त्यानं पेट्रोल दिलं. पेट्रोलनं काहीच झालं नाही. जवसाचं तेल मुरून पक्कं झालं होतं. डाव्या लाइटवर तिचा उजवा हात होता, करंगळी थोडी वाकडी, लहानपणी दारात सापडलेली. मी घासत होतो आणि ती वाकडी करंगळी तशीच होती. मी थिनर मागितलं. तो म्हणाला, थिनर नोका लावू भाऊ, ही काच नाही, प्लास्टिक हाय, दुधाळते. अख्खा काढून देतो म्हणतो ना मी. मी ऐकलं नाही. त्याच्या फळीवरून डबा उचलला आणि बोळा भिजवला.

शेंदूर सुटला. एकदम सुटला. बोळा लाल, माझे हात लाल, बंपरवर लाल ओघळ. आधी बोटं मिळून एक झाली, मग तळवा पसरला, मग नुसता लाल डाग राहिला. मी पुसत गेलो. आणि त्याच्या खालून स्वच्छ काच निघाली नाही. खालून पांढरं, आंधळं प्लास्टिक निघालं, माझ्या त्या डोळ्यासारखं. पंजाही गेला आणि लाइटही गेला. मी तिथंच खाली, तेलकट जमिनीवर बसलो. लाल हातांनी तोंड पुसलं असावं, कारण इलेक्ट्रिशियन म्हणाला, भाऊ, चेहरा धुऊन घ्या, लोकं भितील. मी बायको गेली तेव्हा चारचौघांत रडलो नव्हतो. तिथं, गॅरेजच्या ओळीत, रडलो. त्यानं शटर अर्धं खाली ओढलं.

दुसऱ्या लाइटला मी हात लावला नाही. तो त्यानं स्क्रू काढून, वायर सोडवून अख्खा बाहेर घेतला. कोणाकडे देऊ, म्हणाला. मी म्हटलं, पोरीला फोन कर. ती रिक्षानं आली, लाइट ओढणीत गुंडाळला आणि घेऊन गेली. आता तो तिच्याकडे महालात आहे, तिच्या आईच्या फोटोखाली. मी अजून पाहायला गेलो नाही. ती दर खेपेला बोलावते. मी म्हणतो, येतो.

नवे हेडलाइट लागले. भिंतीसमोर उभं करून त्यानं उंची लावून दिली. पिवळे राहू दिले, पण त्यांचं बटण वेगळं केलं आणि बजावलं, हे धुक्यातच, एरवी नाही. डोळ्याचंही बोलला. त्याचीही तारीख घेतली आहे आता. पोरगीच सोबत येणार आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. रस्ता दिसला. लोकांना यात काय विशेष वाटेल? पण किती दिवसांनी तो दिसला. दूरवरचा मैलाचा दगड दिसला. बाभळीच्या खोडांवरचे पांढरे पट्टे ओळीनं दिसले. कडेला सायकल हातात धरून चाललेला माणूस दिसला, त्याच्या हँडलला टांगलेला डबा दिसला, आणि मी त्याला भरपूर जागा सोडून पुढं गेलो. त्यानं वळूनही पाहिलं नाही. त्याला काय माहीत.

खाप्याला माल भरला. वाडीवाल्यानं विचारलं, नवे लाइट वाटते? मी हो म्हटलं. परतताना इलेक्ट्रिशियनचा फोन आला, दिसते का बराबर? मी बाजूला थांबून सांगितलं, सगळं दिसते.

आणि तरी मी बैलाच्याच चालीनं चालवत होतो. रस्ता मोकळा, उजेड भरपूर, मागच्या गाड्या हॉर्न देऊन देऊन पुढं जाऊन राहिल्या होत्या. एकानं काच खाली करून विचारलं, काका, बंद पडली का? मी हातानं त्याला जा म्हटलं. गाडीत काही बिघाड नव्हता. बाजारात माल उतरला की सकाळी गाडी घरापुढं लावावी लागते, कुलूप आपल्याच हातानं उघडावं लागते, आणि मग संध्याकाळपर्यंत आत बसावं लागते. त्याची मला घाई नव्हती.